दातांचा डॉक्टर

भिंतीवरच्या कॅलेंडरात, मंगळवारच्या चौकोनात
मी लिहिलंय : साडेपाच, दात.
खोलीत सोबत राहणारी शीबा विचारते,
कीड किती खोल गेलीय?
मी म्हणते, बघू.

रुवीहून बस. दोन्ही बाजूंना डोंगर, उघडेबोडके,
लपायला एक झुडूप नाही.
अल खुवैरला उतरले तर
ऑगस्टची हवा चष्म्यावर येऊन बसली,
आणि औषधांच्या दुकानाच्या काचेत बघून
मी बाही खाली ओढली.
तिथं आता काही नाहीये खरं तर.
हाताची सवय.

फॉर्मवर : तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं?
मी पेन टेकवून बसले.
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं हाक मारली
पासपोर्टावर आहे तशी, "वृंदा विश्राम!"
इथं सगळे तशीच मारतात, पहिलं नाव, मधलं नाव.
तो सोहारला, मी इथं, मध्ये दोनशे किलोमीटर,
आणि माझ्या नावात तो अजून
पाय पसरून बसलेला.

डॉक्टर झुवैना. आजी झांझिबारची, म्हणाली,
आणि हिंदी सिनेमे बघून बघून आलेली हिंदी.
मी मात्र इंग्रजीत तयारी करून गेले होते,
ऑडिटला देतो तसा हिशेब :
तारीख, जागा, कशानं.
सात वर्षं चार मिनिटांत संपली.

ती म्हणाली, फाइलसाठी हे छान आहे.
आता तुमच्या भाषेत सांगा.
तुम्हाला कुठं कळणार?
नाहीच कळणार. मी नुसती ऐकेन.

बराच वेळ फक्त एसी बोलत होता.
मग तोंडातून पहिलं काय यावं,
ह्यांना आमटीत गूळ चालत नाही.
मग इस्त्रीचं. मग जिन्यातल्या दिव्याचं.
मग कुलपात चावी फिरायची त्या आवाजाचं,
एकदाच फिरली तर ठीक,
अडखळली तर मी गॅस बंद करून
भिंतीला पाठ लावून उभी राहायची.
मग, ह्यांनी मारलं.

तिथं मी थांबले.
ह्यांनी.
एकटा माणूस, आणि मला अनेकवचनात मारत आला,
आणि मी ते मान खाली घालून
व्याकरणशुद्ध सांगत आले,
आईला, नणंदेला, एकदा तर कंपनीच्या नर्सला.
मी हळूच म्हणून बघितलं,
त्यानं मारलं.
आणि दाराकडे बघितलं.
दार होतं तसंच होतं.

मग किती बोलले कोण जाणे.
शेवटी तिनं विचारलं,
एक शब्द सारखा येत होता.
पान? ते खातात ते?
मला हसू आलं. त्या खोलीत,
त्या दिवशी, हसू.
पान नाही हो. पण.
पण म्हणजे?
बट.

तिनं वही माझ्याकडे फिरवली.
उभ्या रेघा, पाचव्या रेघेनं आडव्या बांधलेल्या,
गवळी दुधाचा रतीब मांडतो तशा.
सदतीस.
तो वाईट नाहीये पण. रागीट आहे पण.
माझंही चुकतं पण. पाय चेपून दिले नंतर पण.
ती काही बोलली नाही.
टिश्यूचा डबासुद्धा पुढे सरकवला नाही,
ते बरं वाटलं.

बसमध्ये शेजारी सिमेंटनं माखलेले बूट घातलेला
एक पोरगा झोपला होता, तोंड उघडं टाकून,
इतका निर्धास्त की मी माझा थांबा चुकवला,
आणि मागे चालत आले, मशिदीवरून,
बंद शिंप्याच्या दुकानावरून.

शीबानं दार उघडलं. दुखलं?
दुखलं.
काढला?
नाही. आज नुसतं तोंड उघडलं.

चावायला लागू नये म्हणून तिनं
आसट भात करून ठेवला होता, वर मीठ, लिंबाचं लोणचं.
खोटं बोलल्याची लाज वाटली थोडी.
पण
भूक लागली होती.
मी सगळा खाल्ला.